गाडी कितव्या गिअरला आहे? बाईकच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटारीचा गिअर दर्शक

आजचं व्याख्यान एका आकड्याबद्दल आहे. डॅशबोर्डावर १ ते ६ यांपैकी एक आकडा दिसावा, नाहीतर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागावा, एवढंच आपल्याला हवं आहे. ऐकायला काम सोपं वाटतं. पण बाईकचं इंजिन मोटारीत बसवलं की हा आकडा आणायचा कुठून आणि आणलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हे दोन्ही प्रश्न सुटे करून बघावे लागतात. आकडा चुकीचा दिसला तर इंजिन जाऊ शकतं, प्रसंगी वळणावर गाडी गरकन फिरते. म्हणून या विषयाला वेळ द्यायला हवा.

या मोटारी कुठल्या?

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरच्या गॅरेजात जोडलेली मोटार. ब्रिटनमध्ये ही जुनी हौस आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही छोटी, उघडी, हलकी गाडी आणली. ती जोडून घेण्यासाठी संचाच्या रूपातही मिळायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि त्याच धाटणीच्या गाड्या वेस्टफील्डसारख्या इतर कंपन्याही करू लागल्या. पुढे हौशी मंडळींच्या लक्षात आलं की बाईकचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असतात, वजनाला कमी असतात आणि ताकद भरपूर देतात. १९९७ साली पीटरबरोमध्ये सुरू झालेल्या रॅडिकल कंपनीने तर बाईकच्या इंजिनांवर रेसच्या गाड्याच काढल्या. १९९९ मध्ये सुझुकीची हायाबुसा आली, आणि तिचं इंजिन घातलेली वेस्टफील्डची ‘मेगाबुसा’ या जातीची ओळखच होऊन बसली.

आपल्याकडे रस्त्यावर असली गाडी सहसा दिसणार नाही. पण महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ ‘फॉर्म्युला भारत’ आणि ‘सुप्रा’ या स्पर्धांसाठी दर वर्षी एका माणसाच्या रेसगाड्या बांधतात, आणि त्यांतल्या अनेकांत चाकणला तयार होणारं केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन असतं. मूळ बाईकच्या मीटरवर गिअरचा आकडा दिसतो. संघ मीटर काढून टाकतो, ईसीयू बदलतो, आणि आकडा नाहीसा होतो. ब्रिटनमधल्या गॅरेजातला आणि पुण्यातल्या कॉलेजच्या वर्कशॉपमधला प्रश्न इथे एक होतो.

दांडा काहीच सांगत नाही

ज्यांनी चेतक चालवली आहे त्यांना आठवेल, डाव्या मुठीवर आकडे असायचे. मूठ फिरवली की आकडा खुणेसमोर यायचा. मूठ जिथं, गिअर तिथं. साध्या मोटारीतही दांडा कुठल्या घरात आहे ते हाताला कळतं, बघावं लागत नाही.

बाईकच्या पायाच्या गिअरचं तसं नाही. दांडा दाबला, गिअर पडला, पाय काढला की दांडा परत मध्यावर. पहिल्यात असो वा सहाव्यात, त्याची जागा तीच. आत एक रॅचेट असतं, ते दर दाबाला शिफ्ट ड्रमला एक घर पुढे किंवा मागे ढकलतं. ड्रमवर नागमोडी खाचा असतात, खाचांमध्ये फोर्क बसतात, आणि फोर्क गिअर सरकवतात. बहुतेक सहा गिअरच्या पेट्यांत एका गिअरपासून पुढच्या गिअरपर्यंत ड्रम ६० अंश फिरतो, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधोमध, ३० अंशांवर, उथळ खाचेत असतं. म्हणजे बघा, खरं उत्तर फक्त ड्रमला ठाऊक आहे.

बाईकस्वाराचं यात फार अडत नाही. इंजिन त्याच्या मांडीखाली असतं, आवाजावरून आणि अंगाला बसणाऱ्या ओढीवरून त्याला अंदाज येतो. मोटारीत तोच दांडा सळईने किंवा केबलने हाताशी आणलेला असतो. डोक्यावर हेल्मेट, कानात वारा, समोर वळण. ‘आपण चौथ्यात होतो की पाचव्यात?’ हा प्रश्न नेमका ब्रेक मारताना पडतो.

चुकीची किंमत

आता आकडे बघू. पहिल्या पिढीच्या हायाबुसाचे गिअर असे आहेत: पहिला २.६१५, दुसरा १.९३७, तिसरा १.५२६, चौथा १.२८५, पाचवा १.१३६ आणि सहावा १.०४३. समजा तुम्ही चौथ्यात ९,००० आरपीएमवर आहात. एक गिअर उतरवला तर इंजिन सुमारे १०,६८० वर जाईल. तांबडी रेघ ११,००० ला आहे, म्हणजे निभावलं. पण घाईत दोन गिअर उतरले तर त्याच वेगाला इंजिनाला सुमारे १३,५६० आरपीएम गाठावे लागतील. रेव्ह लिमिटर इथे उपयोगाचा नाही, बरं का. तो पेट्रोल किंवा ठिणगी तोडतो. चाकं इंजिनाला फिरवत असतील तर तो काय करणार? व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, नाहीतर मागची चाकं तेवढ्या वेगाने इंजिन फिरवू न शकल्यामुळे घसरतात आणि गाडी वळणावर फिरते.

दुसरी किंमत क्लचची. बाईकचा क्लच दोन-सव्वादोनशे किलोची बाईक आणि स्वार एवढ्यासाठी केलेला असतो. साडेचारशे-पाचशे किलोची गाडी चुकून दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची सवय लागली की तो जळतो. तिसरी गोष्ट माणसांची. गाडी न्यूट्रलला आहे असं समजून कोणी स्टार्टर दाबला आणि गिअर पडलेला असला, तर समोर उभ्या असलेल्याच्या अंगावर गाडी उडी मारते.

तीन मार्ग: बघणं, अनुमान करणं, आठवणं

बाजारात मिळणारा दर्शक असो की तुम्ही बनवलेला, आकडा मिळवायचे मार्ग तीनच आहेत. एक, ड्रमची जागा थेट बघायची. दोन, इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांच्या गुणोत्तरावरून अनुमान काढायचं. तीन, दांडा किती वेळा वर गेला आणि किती वेळा खाली, ते मोजून लक्षात ठेवायचं. आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणं मानली आहेत. स्मृतीला मात्र प्रमेच्या व्याख्येत जागा दिलेली नाही. गिअर दर्शकाला हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो.

शेवटापासून सुरू करू. मोजणी स्वस्त आहे: दांड्यावर दोन स्विच, एक वर जाताना, एक खाली येताना, आणि न्यूट्रलच्या स्विचवर शून्य. पण दांडा हलला म्हणजे गिअर पडलाच असं नाही. कधी गिअर अर्धवट बसून निसटतो, कधी सहाव्यात असताना ड्रायव्हर आणखी एकदा वर मारतो. एकदा चुकलेली मोजणी पुढचं न्यूट्रल येईपर्यंत चुकलेलीच राहते, आणि रेसमध्ये न्यूट्रल येतच नाही. म्हणून नुसत्या मोजणीवर चालणारा दर्शक घेऊ नका आणि बनवूही नका.

अनुमानाचा मार्ग जास्त भरवशाचा आहे. ज्या इंजिनांत फक्त न्यूट्रलचाच स्विच असतो, तिथे बऱ्याचदा तोच सोयीचा पडतो. बाजारातले ‘कुठल्याही बाईकला चालणारे’ दर्शक बहुतेक याच जातीचे. हायाबुसात इंजिन ते गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट असं एकूण गुणोत्तर पहिल्यात ४.१७, दुसऱ्यात ३.०९, तिसऱ्यात २.४४, चौथ्यात २.०५, पाचव्यात १.८१ आणि सहाव्यात १.६७ येतं. आरपीएमला शाफ्टच्या फेऱ्यांनी भागा, जवळचा आकडा दाखवा. झालं?

नाही झालं. अंतर बघा. पहिल्या आणि दुसऱ्यात ३५ टक्के फरक आहे, पण पाचव्या आणि सहाव्यात फक्त ९ टक्के. म्हणजे वरच्या गिअरमध्ये मोजमापाची चूक चार टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर आकडा पाच-सहा, पाच-सहा असा नाचत राहतो. चार सिलिंडरच्या अनेक इंजिनांत टॅकोमीटरच्या तारेवर दर फेऱ्याला दोन स्पंद येतात. ६,००० आरपीएमला सेकंदाला २००. दशांश सेकंदात मोजले तर २०, आणि त्यात एका स्पंदाचा इकडेतिकडे फरक म्हणजे ५ टक्के. तिथेच गणित बिघडलं. म्हणून स्पंद मोजू नका, दोन स्पंदांमधला वेळ मोजा, आणि पूर्ण फेऱ्याची सरासरी घ्या.

वेगाचा सेन्सर कुठे लावता, यावरही बरंच अवलंबून आहे. पुढच्या चाकावर लावला आणि मागची चाकं घसरली की इंजिन पळतं, पुढचं चाक पळत नाही. सहाव्यात १० टक्के घसरण झाली तर १.६७ चं १.८३ होतं आणि दर्शक पाचवा दाखवतो. मागच्या एकाच चाकावर लावला तर वळणावर गोंधळ होतो. १.२ मीटर रुंदीच्या चाकांची गाडी ६ मीटर त्रिज्येचं वळण घेते तेव्हा बाहेरचं चाक मधल्या वेगापेक्षा १० टक्के जोरात फिरतं, आतलं तेवढंच हळू. सेन्सरची बरोबर जागा डिफरन्शिअलच्या आधी आहे: साखळीच्या गाडीत पुढच्या स्प्रॉकेटवर, आणि सेव्हनसारख्या गाडीत, जिथे स्प्रॉकेटच्या जागी अडॅप्टर लावून प्रॉपेलर शाफ्ट जोडलेला असतो, तिथे त्या शाफ्टवर. या जागी चाक घसरलं तरी गुणोत्तर ढळत नाही, आणि मागचं स्प्रॉकेट किंवा टायर बदलला तरी दर्शकाला पुन्हा शिकवावं लागत नाही.

एवढं करूनही दोन गोष्टी या मार्गाने जमत नाहीत. गाडी उभी असताना भागाकारच होत नाही, म्हणजे सुटायच्या वेळी पहिला आहे की दुसरा ते कळत नाही. आणि क्लच दाबला की इंजिन आणि शाफ्ट यांचं नातं तुटतं. त्या क्षणी येणारं गुणोत्तर मध्येच भलत्या गिअरशी जुळू शकतं. म्हणून क्लचचा आणि न्यूट्रलचा स्विच दर्शकाला जोडा, आणि गुणोत्तर स्थिर झाल्याशिवाय आकडा बदलू देऊ नका.

ड्रमला विचारा

आता प्रत्यक्षाचा मार्ग. आधी तुमच्या इंजिनाला गिअर पोझिशन सेन्सर आहे का, ते बघा. हायाबुसाला आहे, केटीएम ३९० ला आहे. सुझुकीच्या अनेक इंजिनांत ड्रमच्या टोकाशी असा सेन्सर असतो, त्यात दर गिअरला वेगळा रेझिस्टन्स जोडला जातो आणि तारेवर दर गिअरला वेगळं व्होल्टेज मिळतं. मूळ ईसीयू तेच वाचून गिअरप्रमाणे इग्निशन बदलतो. सेन्सर असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही. त्या बाईकसाठीचा तयार दर्शक घ्या किंवा आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डावर स्वतः बनवा.

बनवताना क्रम असा ठेवा. मागची चाकं स्टँडवर घ्या, इंजिन बंद, इग्निशन चालू. एक जण चाक हाताने फिरवेल, दुसरा गिअर टाकेल. शाफ्ट फिरल्याशिवाय बाईकची पेटी सगळे गिअर घेत नाही, म्हणून चाक फिरवायचं. दर गिअरचं व्होल्टेज मीटरने मोजून कागदावर लिहा. मग इंजिन तापवून परत लिहा. पुस्तकातला तक्ता घेऊ नका. तुमच्या गाडीचा तक्ता तुमच्या गाडीतूनच यायला हवा.

मूळ ईसीयू गाडीत असेल तर तो सेन्सरला आतून ५ व्होल्टचा आधार देतच असतो. तुम्ही बाहेरून आणखी रेझिस्टन्स लावून आधार दिलात तर ईसीयूला चुकीचं व्होल्टेज दिसेल आणि तो भलत्या गिअरचं इग्निशन लावेल. अशा वेळी नुसतं डोकावायचं: तारेतून १० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून बोर्डाच्या वाचन पिनपर्यंत, बस. ईसीयू नसेल किंवा बदललेल्या ईसीयूत ही तार वापरलीच नसेल, तरच ५ व्होल्टचा आधार आपण द्यायचा.

प्रोग्रॅममध्ये दर गिअरच्या व्होल्टेजभोवती एक खिडकी आखा. दोन खिडक्यांच्या मधे रिकामी पट्टी सोडा. वाचन पट्टीत पडलं तर आडवी रेघ दाखवा, जवळचा आकडा नव्हे. ड्रम एका गिअरवरून दुसऱ्यावर जाताना सेन्सरचा संपर्क क्षणभर सुटतो, म्हणून नवं वाचन ५० मिलिसेकंद टिकलं तरच ते मान्य करा.

सेन्सर नसेल पण ड्रमचं टोक बाहेरून गाठता येत असेल, तर त्यावर लहान चुंबक बसवून समोर एएस ५६०० सारखी चुंबकीय कोन मोजणारी चिप लावता येते. ती पूर्ण फेऱ्याचे ४,०९६ भाग करते, म्हणजे एका गिअरच्या ६० अंशांना सुमारे ६८३ भाग मिळतात. साधा पोटेन्शिओमीटर घ्यायचा मोह टाळा. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत ड्रम ३०० अंश फिरतो आणि अनेक साधे पोटेन्शिओमीटर त्याआधीच अडतात. मग दांडा जोरात मारला की एकतर सेन्सर तुटतो, नाहीतर सहावा गिअर बसत नाही.

वीज आणि तारा यांची हयगय करू नका. गाडीचा पुरवठा नावाला १२ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो १४ च्या आसपास जातो आणि मधेच मोठे झटके येतात. वेगळा फ्यूज, झटके खाणारा डायोड आणि मोटारीसाठीचा रेग्युलेटर, तिन्ही लावा. सेन्सरची तार इग्निशन कॉइलच्या तारांपासून दूर न्या. सेन्सर आणि बोर्ड यांचं अर्थ एकाच ठिकाणी घ्या. नाहीतर स्टार्टर ओढताना अर्थचं व्होल्टेज हलतं आणि आकडाही हलतो. आकडा भर उन्हात वाचता यायला हवा, आणि ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून खाली न जाता दिसायला हवा.

दोन गोष्टी आकड्यावर सोडू नका

एक, न्यूट्रल. त्याची तार वेगळी, स्विच वेगळा, हिरवा दिवा वेगळा ठेवा, आणि स्टार्टरला लागणारी परवानगी त्याच स्विचमधून द्या. बोर्ड बंद पडला तरी न्यूट्रलचा दिवा खरं सांगायला हवा.

दोन, रिव्हर्स. अशा बाईकच्या पेटीत रिव्हर्स नसतो. किट कारमध्ये तो शाफ्टवर वेगळी पेटी लावून किंवा इलेक्ट्रिक मोटरने देतात. वेगळी पेटी असेल तर गाडी मागे जात असतानाही ड्रम पहिल्यात असतो आणि दर्शक इमानदारीने १ दाखवतो. तो खोटं बोलत नाही, पण ड्रायव्हर फसतो. रिव्हर्सच्या दांड्यावर स्वतंत्र स्विच लावा आणि तो लागला की आकड्याच्या जागी दुसरं चिन्ह येऊ द्या.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या संघाकडे वेळ कमी आहे. तयार घ्यावा की बनवावा?

आधी सेन्सर आहे का ते बघा. असेल तर बनवणं एका आठवड्याचं काम आहे आणि शिकायला मिळतं. नसेल आणि स्पर्धा तोंडावर आली असेल, तर गुणोत्तरावर चालणारा तयार दर्शक घ्या, वेगाचा सेन्सर डिफरन्शिअलच्या आधी लावा, आणि सुटताना आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न: दोन्ही मार्ग एकत्र वापरले तर?

जरूर वापरा, पण आकडा ड्रमचाच दाखवा. गुणोत्तर साक्षीदार म्हणून ठेवा. क्लच सोडलेला असताना दोन्ही जुळत नसतील तर एकतर सेन्सर बिघडला आहे, नाहीतर क्लच घसरतो आहे. दोन्ही बातम्या लवकर कळलेल्या बऱ्या. अशा वेळी आकडा लुकलुकू द्या.

प्रश्न: आडवी रेघ दिसली तर ड्रायव्हर गोंधळणार नाही का?

थोडा गोंधळेल, पण गिअर उतरवायच्या आधी थांबेल. चुकीचा आकडा दिसला तर तो थांबणारच नाही. ज्याला माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असं सांगणारा दर्शक ड्रायव्हरला विचार करायला वेळ देतो, आणि वर बघितलेल्या हिशोबात ९,००० आणि १३,५६० यांच्यामध्ये तेवढाच वेळ असतो. तुमच्या गाडीवर काम सुरू कराल तेव्हा पहिल्या दिवशी एवढंच करा: चाकं स्टँडवर घ्या, सातही जागांची वाचनं कागदावर उतरवा, आणि तो कागद वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवा. पुढचं सगळं काम त्या कागदावरून होईल.